कमी सामानाचा गायक: बिली ब्रॅग

प्रश्न असा आहे: इंग्रज गायक-गीतकार बिली ब्रॅगच्या गाण्यांत नुसती एक गिटार आणि फारसा गोड नसलेला गळा, मग त्याचं एवढं कौतुक कशासाठी? त्याच्यावर प्रभाव कोणाकोणाचे? आणि रेकॉर्ड कंपन्या, स्ट्रीमिंग यांबद्दल तो जे बोलत आला आहे ते नव्या गायक-गीतकाराने कितपत मनावर घ्यावं?

मी गाणी लिहितो, एकट्याने गिटारवर म्हणतो, आणि इतर गायकांचे रेकॉर्डिंगचे करार सही व्हायच्या आधी वाचून देतो. दोन्ही कामं करत असल्यामुळे असेल, पण मला या तीन प्रश्नांचं उत्तर एकच दिसतं. हा माणूस पहिल्यापासून कमी सामान घेऊन निघाला. सामान कमी म्हणून खर्च कमी, खर्च कमी म्हणून उसनवारी कमी, आणि उसनवारी फेडता येण्याजोगी होती म्हणून गाणी अखेर स्वतःच्या नावावर राहिली. त्याचा आवाज तसा का आहे आणि त्याची मतं तशी का आहेत, या दोन्हींचं मूळ तिथेच सापडतं.

ब्रॅगचा जन्म १९५७ चा, लंडनच्या पूर्वेकडच्या बार्किंगमधला. शेजारीच डॅगनमला फोर्डचा मोटार कारखाना, म्हणजे वस्ती कामगारांची. पंकची, म्हणजे ओबडधोबड, बंडखोर रॉकची, लाट आली तेव्हा तो ऐन विशीत होता. मित्रांबरोबर १९७७ मध्ये त्याने रिफ रॅफ नावाचा बँड काढला, चारदोन रेकॉर्ड निघाल्या, कोणी फारसं विचारलं नाही, बँड मोडला. मग १९८१ मध्ये हा गडी चक्क सैन्यात भरती झाला, रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये. तीन महिन्यांचं प्रशिक्षण झालं आणि १७५ पौंड भरून त्याने स्वतःची सुटका करून घेतली. ते आपण खर्च केलेले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे, असं तो गमतीने सांगत आला आहे.

परत आल्यावर बँड नव्हता. ड्रमर शोधा, तालमीची जागा भाड्याने घ्या, गाडी घ्या, चौघांच्या वेळा जुळवा, हे सगळं टाळून तो एकटा उभा राहिला. इथे एक बारीक पण फार महत्त्वाचा निर्णय आहे. एकटा गाणारा म्हटला की हातात लाकडी अकूस्टिक गिटार, अशी लोकांची अपेक्षा. ब्रॅगने इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि अँप्लिफायरचा आवाज वाढवला. अकूस्टिक घेतली की पबमधले लोक तुम्हाला ‘लोकगीतवाला’ समजून पाठ फिरवतात आणि गप्पा मारत बसतात. इलेक्ट्रिकचा पहिला फटका बसला की माना वळतात. त्याला एकट्यानेच ‘द क्लॅश’ हा अख्खा पंक बँड व्हायचं होतं. फोक-पंक, म्हणजे लोकगीत अधिक पंक, हे नाव पुढे पोग्जपासून व्हायोलंट फेम्सपर्यंत बऱ्याच जणांना चिकटलं आणि त्यातले बहुतेक बँड अकॉर्डियन, बँजो, शिट्ट्या घेऊन नाचवणारे. ब्रॅगचं फोक-पंक वेगळं, त्यात नाचण्याजोगं जवळपास काही नाही. गाण्याचं पोट लोकगीताचं, म्हणजे गोष्ट आणि बाजू घेणं. आणि हात पंकचा. डफ घेऊन उभा राहिलेला शाहीर ज्यांनी ऐकला आहे त्यांना ही जोडी वेगळी समजावून सांगायला नको.

तो हात जरा जवळून पाहू. त्याचं ‘अ न्यू इंग्लंड’ हे गाणं हेडफोन लावून ऐका आणि शब्दांकडे मुद्दाम दुर्लक्ष करून उजव्या हाताकडे कान द्या. गिटार शिकवणारे पहिल्या महिन्यात खाली-वर, खाली-वर असा जो वाहता स्ट्रमिंगचा हात शिकवतात, तो इथे नाही. फटके बहुतेक खालच्याच दिशेचे. तळहाताची कड ब्रिजपाशी, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, तारांवर टेकलेली, त्यामुळे आवाज उमटतो आणि लगेच गुदमरतो. खालच्या जाड तारा बास गिटारचं काम करतात, वरच्या बारीक तारांवरचा तिखट फटका स्नेअर ड्रमची जागा घेतो, आणि दोहोंच्या मधे मोकळी जागा राहते. शब्द त्या मोकळ्या जागेत येऊन बसतात. एका माणसाने तीन माणसांचं काम करण्याची ही युक्ती आहे आणि ती त्याने आकाशातून आणलेली नाही. डॉक्टर फीलगुड या बँडचा विल्को जॉन्सन, तोही एसेक्सचाच, कॅनव्ही बेटावरचा. तो पिक न वापरता बोटांनीच एकाच वेळी ताल आणि सुरावट दोन्ही ओढायचा. ब्रॅगच्या फटक्यांत विल्को स्पष्ट ऐकू येतो.

ड्रमर नसण्याचा आणखी एक फायदा एकट्याने गाणाऱ्यांनाच कळतो. लय तुमच्या मालकीची होते. एखादा शब्द लोकांच्या डोक्यात उतरायला अर्धा क्षण हवा असेल तर थांबता येतं. ‘लेव्हाय स्टब्ज टीअर्स’ हे १९८६ चं गाणं घ्या. अपघाताच्या भरपाईच्या पैशातून फिरतं घर घेऊन त्यात एकटी राहणारी एक बाई, नवऱ्याने मारझोड करून पार मोडलेली, आणि तिच्या सोबतीला फक्त फोर टॉप्सची कॅसेट. लेव्हाय स्टब्ज हा त्या अमेरिकी सोल गटाचा मुख्य गायक. अख्ख्या गाण्यात बहुतांश एकच गिटार, तीही कॉर्ड मारून थांबणारी. दुसऱ्या कोणी या गोष्टीवर व्हायोलिनं लावून रडवलं असतं. ब्रॅग फक्त गिटार थांबवतो. असं गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या तिसांत पोचलं याचं मला अजून नवल वाटतं.

गळ्याबद्दल थोडक्यात. तो बेसूर नाही, पण सपाट आहे, आणि उच्चार बार्किंगचे. त्याच्या आधीचे बहुतेक इंग्रज गायक बोलताना इंग्रज आणि गाताना अमेरिकन होत असत. पंकने आपल्या गल्लीच्या बोलीत गायची मुभा दिली आणि ब्रॅगने ती आजवर सोडलेली नाही. गोडव्याची अपेक्षा ठेवून गेलात तर पंधरा मिनिटांत कंटाळाल, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रभावांची नुसती यादी देण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येकाकडून त्याने वेगळी वस्तू उचलली. बॉब डिलन आणि सायमन-गारफंकल ही जोडी यांच्याकडून गाण्याची बांधणी. इतकी, की ‘अ न्यू इंग्लंड’च्या सुरुवातीच्या ओळी त्याने सायमनच्या एका गाण्यातून सरळ उचलल्या आहेत आणि ते तो लपवतही नाही. मोटाउन या अमेरिकी सोल संगीताच्या कंपनीच्या गाण्यांकडून त्याने हे घेतलं की प्रेमभंगाचं गाणं तीन मिनिटांत संपलं पाहिजे. क्लॅशकडून घेतला पवित्रा.

क्लॅशचा संदर्भ थोडा खोल आहे. १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टन बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध बरळला. त्याच्या निषेधातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात तिचा मोठा मेळावा झाला. ब्रॅग क्लॅशला ऐकायला गेला होता. तिथे टॉम रॉबिन्सन समलिंगी हक्कांचं गाणं गायला लागला तेव्हा आजूबाजूचे पुरुष एकमेकांचे मुके घ्यायला लागले. ब्रॅग तोवर समलिंगी माणसांना जवळून ओळखत नव्हता. मेळावा वंशवादाविरुद्ध असताना ही माणसं इथे का, असा त्याला प्रश्न पडला, आणि उत्तरही तिथेच मिळालं: जे कोणी वेगळे आहेत ते सगळेच त्या टोळक्यांच्या निशाण्यावर आहेत. त्याने पुढे अनेकदा सांगितलेली गोष्ट मला गाण्यापेक्षा महत्त्वाची वाटते. तो म्हणतो, क्लॅशने जग बदललं नाही, पण त्या दिवशी आपल्यासारखेच इतके लोक आहेत हे पाहून सोमवारी कचेरीत गेल्यावर गप्प न बसण्याचं बळ आलं. म्हणजे बदल घडवतो तो श्रोता. गायकाने त्याला ‘तू एकटा नाहीस’ एवढं सांगायचं. प्रचारगीतं लिहिणाऱ्यांनी ही मर्यादा ओळखली तर पुष्कळ वाईट गाणी टळतील. खुद्द ब्रॅगचीही काही टळली असती. १९९० ची ‘द इंटरनॅशनल’ ही रेकॉर्ड मी कर्तव्य म्हणून ऐकतो, आवडीने नाही.

आता मला सर्वांत रस असलेली साखळी. १९३४ मध्ये लोकगीतं गोळा करणारा जॉन लोमॅक्स अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या तुरुंगांत रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन हिंडत होता. त्याच्या गाडीवर लेडबेली होता, जो स्वतः तुरुंगातून नुकताच सुटलेला जबरदस्त गायक. तिथल्या कैद्यांकडून ‘रॉक आयलंड लाइन’ हे रेल्वेचं गाणं त्यांनी ऐकलं आणि लेडबेलीने ते आपलंसं केलं. वीस वर्षांनी, १९५४ मध्ये, लंडनमध्ये ख्रिस बार्बरच्या जॅझ बँडमध्ये बँजो-गिटार वाजवणाऱ्या लॉनी डोनेगनने ते रेकॉर्ड केलं. १९५६ च्या सुरुवातीला ते ब्रिटनच्या खपाच्या यादीत घुसलं आणि स्किफल नावाच्या घरगुती संगीताची साथ पसरली. घरोघरी पोरं स्वस्तातली गिटार, धुणं घासायची पत्र्याची फळी आणि चहाच्या पेटीला दोरी बांधून केलेला बास घेऊन बसली. लिव्हरपूलच्या जॉन लेननचा ‘द क्वॉरीमेन’ हा त्यातलाच एक गट. ब्रॅगने यावर २०१७ मध्ये ‘रूट्स, रॅडिकल्स अँड रॉकर्स’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा की पंकच्या वीस वर्षं आधी ब्रिटनमध्ये एक पंक होऊन गेलं होतं: तीन कॉर्ड शिका, घरातलं सामान उचला आणि उभे राहा.

पण या साखळीत पैशाचं काय झालं ते पाहा. कैद्यांना काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. डोनेगनला त्या रेकॉर्डिंगची एकरकमी बिदागी मिळाली, काही पौंडांची. रेकॉर्ड लाखांनी खपली, पण त्या ध्वनिमुद्रणावरची रॉयल्टी त्याला नाही. जगाच्या संगीताला वळण देणारं गाणं आणि गाणाऱ्याच्या हातात दिवसाची मजुरी. ब्रॅगची उद्योगाबद्दलची मतं मला नेहमी या गोष्टीची तळटीप वाटतात, जरी ती मतं पुस्तकाच्या फार आधीची असली तरी.

अमेरिकी लोकगायक वुडी गथ्रीचा वारसा त्याच्याकडे जवळपास घरपोच आला. गथ्री १९६७ मध्ये गेला तेव्हा चाली नसलेली हजारांहून अधिक गाणी कागदावर मागे राहिली होती. त्याची मुलगी नोरा गथ्री हिने ती ब्रॅगकडे सोपवली, कारण तिला वडिलांच्या चालीची नक्कल करणारा भाविक नको होता. शिकागोच्या विल्को या बँडबरोबर ब्रॅगने १९९८ मध्ये ‘मरमेड ॲव्हेन्यू’ काढला. गथ्री ब्रुकलिनच्या कोनी आयलंडवर ज्या रस्त्याला राहायचा त्याचं हे नाव. दोन्ही बाजूंची मिक्सिंगवरून धुसफूस झाली, आणि ती रेकॉर्डमध्ये ऐकूही येते, पण त्यामुळेच ती सपक झालेली नाही. गिटारवर फॅसिस्टांना मारणारं यंत्र असं लिहिणारा गथ्री इथे पोरकट, वात्रट, रंगेल भेटतो. राजकीय गायक म्हणून ब्रॅगला ओळखणाऱ्यांनी त्याची प्रेमगीतं आधी ऐकावीत, हे माझं जुनं म्हणणं आहे. गथ्रीच्या बाबतीत ब्रॅगने तेच करून दाखवलं.

आता धंद्याकडे येतो.

पहिल्या टेपला कोणी दाद देईना तेव्हा ब्रॅग टीव्ही दुरुस्त करणारा असल्याची बतावणी करून करिझ्मा रेकॉर्ड्सच्या कचेरीत शिरला आणि पीटर जेनरच्या टेबलापर्यंत पोचला. जेनर म्हणजे पूर्वी पिंक फ्लॉइडचं काम पाहिलेला माणूस. १९८३ च्या फेब्रुवारीत एका प्रकाशन कंपनीच्या छोट्या स्टुडिओत मोजक्या बैठकांत रेकॉर्डिंग झालं. ‘लाइफ्स अ रायट विथ स्पाय व्हर्सेस स्पाय’ ही सात गाण्यांची, सुमारे सोळा मिनिटांची रेकॉर्ड जुलैमध्ये आली. वाद्य एक, माणूस एक. नंतर ती गो! डिस्क्स या रेकॉर्ड कंपनीने पुन्हा काढली आणि वेष्टणावर ठळक छापलं: २.९९ पौंडांपेक्षा जास्त देऊ नका. दुसऱ्या रेकॉर्डवर हाच आकडा ३.९९ होता. दुकानदाराने मधल्या मधे किंमत चढवू नये म्हणून ती वेष्टणावरच छापणं हे मला कोणत्याही घोषणागीतापेक्षा धीट वाटतं. आणि ते परवडलं, कारण रेकॉर्ड तयार करायला खर्चच किरकोळ आला होता.

बिर्याणीचा किस्सा बहुतेकांना माहीत असतो, तरी सांगतो. बीबीसीचा जॉन पील रेडिओवर म्हणाला की मश्रूम बिर्याणी मिळाली तर काय बहार येईल. ब्रॅग बिर्याणी आणि रेकॉर्ड दोन्ही घेऊन स्टुडिओत हजर. पीलने गाणं वाजवलं, पण बारा इंची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने वाजवायची होती, ती त्याने चुकीच्या वेगाने लावली. बिर्याणी नसती तरी वाजवलं असतं, असं नंतर तोच म्हणाला. जानेवारी १९८४ मध्ये ती रेकॉर्ड यादीत तिसाव्या क्रमांकावर पोचली. प्रसिद्धीचा खर्च एक बिर्याणी.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल भरभर सांगतो, कारण ती सगळीकडे वाचायला मिळतात. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप, त्यांच्या मदतनिधीसाठी ‘बिट्वीन द वॉर्स’, त्या गाण्यासाठी ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमात एकटाच गिटार घेऊन उभा राहिलेला ब्रॅग. पॉल वेलर, जिमी सॉमरव्हिल वगैरे गायकांबरोबर १९८५ मध्ये मजूर पक्षासाठी उभारलेलं ‘रेड वेज’, आणि १९८७ मध्ये विरोधी हुजूर पक्षाच्या थॅचर तिसऱ्यांदा निवडून आल्यावर त्यातली निघून गेलेली हवा. १९८८ मध्ये त्याचं नाव असलेली रेकॉर्ड पहिल्या क्रमांकावर गेली खरी, पण ते बीटल्सचं गाणं होतं, बालकांच्या मदतीसाठी काढलेलं, आणि बहुतेकांनी ती घेतली ती तिच्यावरच्या वेट वेट वेट या बँडच्या गाण्यासाठी.

थांबायला हवं ते दोन घटनांपाशी.

पहिली गायिका कर्स्टी मॅकॉलची. तिने ‘अ न्यू इंग्लंड’ झगमगीत पॉप करून गायलं आणि १९८५ च्या सुरुवातीला ते सातव्या क्रमांकावर गेलं. मूळ गाणं आखूड होतं म्हणून ब्रॅगने तिच्यासाठी एक कडवं जादा लिहून दिलं. नव्या मंडळींना करार समजावताना मी हे उदाहरण देतो. गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक शब्द आणि चालीची, दुसरी विशिष्ट ध्वनिमुद्रणाची, जिला धंद्यात मास्टर म्हणतात. कर्स्टीच्या रेकॉर्डवर ब्रॅग गातही नाही, वाजवतही नाही, तरी ती वाजली की गीतकार-संगीतकार म्हणून त्याचा वाटा निघतो. तिच्या ध्वनिमुद्रणावर मात्र त्याचा काही हक्क नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून सही करणारे आजही रोज भेटतात.

दुसरी १९९१ ची. गो! डिस्क्सने त्याला चार अल्बमचा करार आणि दहा लाख पौंडांची उचल देऊ केली. ‘डोन्ट ट्राय धिस ॲट होम’ या अल्बमवर भरपूर वादक, गिटारवादक जॉनी मारसारखे सोबती, व्हिडिओ, जाहिरात, सगळं झालं. अल्बम वाईट नाही. ‘सेक्शुअ‍ॅलिटी’ मस्त जमलंय. पण तो ज्या ब्रॅगसाठी लोक येत होते तो ब्रॅग नव्हता आणि खर्चाच्या मानाने विक्री वाढली नाही. कंपनीही अडचणीत आली. तेव्हा ब्रॅगने करार मुदतीआधी संपवला, उचलीतली मोठी रक्कम परत केली, आणि बदल्यात आपल्या सगळ्या जुन्या रेकॉर्डचे हक्क मागून घेतले. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा निर्णय हा. पैसे परत करायला ते शिल्लक असावे लागतात, आणि बंगला-गाडी-वाद्यवृंद असा संसार वाढवलेल्या गायकाकडे ते नसतात. पुढे कुकिंग व्हिनिल या स्वतंत्र कंपनीतर्फे रेकॉर्ड निघत राहिल्या, पण मालकी त्याची.

एकदा मालकी हातात आली की माणूस करारातले बारीक अक्षर वाचू लागतो. २००६ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळाच्या अटींत गाणी टाकणाऱ्याकडून कंपनीला जगभरचे, बिनमोबदला वापराचे हक्क मिळत असल्याचं त्याने दाखवलं आणि आपली गाणी काढून घेतली. काही आठवड्यांत कंपनीने अटी बदलल्या, मालकी कलाकाराचीच हे स्पष्ट केलं. २००८ मध्ये बीबो हे संकेतस्थळ एओएल या इंटरनेट कंपनीने ८५ कोटी डॉलरना घेतलं, तेव्हा त्याने लिहिलं की ज्या गायकांच्या फुकट गाण्यांमुळे तिथे गर्दी जमली त्यांना त्या रकमेत वाटा नको का? उत्तर अर्थातच आलं नाही. त्याच सुमारास ‘फीचर्ड आर्टिस्ट्स कोअलिशन’ ही गायक-वादकांची संघटना उभी राहिली. ब्रॅगबरोबर ब्लरचा डेव्ह राउनट्री, रेडिओहेडचा एड ओब्रायन, पिंक फ्लॉइडचा निक मेसन. फुकट गाणी उतरवणाऱ्या पोरांवर खटले भरा, असा तेव्हा उद्योगाचा धोशा होता. ब्रॅगची भूमिका उलटी: आपला श्रोता हा आपला शत्रू नव्हे, आपल्या गाण्यांवर धंदा करून आपल्याला न देणाऱ्याला धरा.

२०१३ मध्ये स्पॉटिफायवर सगळे तुटून पडले असताना त्याने म्हटलं की बोट चुकीच्या दिशेला आहे. बहुतेक गायकांचे करार रेकॉर्ड छापून, पेट्यांत भरून, ट्रकने दुकानात पोचवण्याच्या काळातले आहेत. तो खर्च कंपनी करायची म्हणून गायकाला ८ ते १५ टक्के. आता छपाई नाही, ट्रक नाही, टक्केवारी मात्र तीच.

हे खरं किती ते आकड्यांत पाहू. समजा उचल ५०,००० पौंड आणि रॉयल्टी १२ टक्के. उचल फिटते ती गायकाच्या १२ टक्क्यांतून, एकूण उत्पन्नातून नव्हे. म्हणजे रेकॉर्डने सुमारे ४,१७,००० पौंड मिळवले की मग गायकाचं खातं शून्यावर येतं. तोवर कंपनीकडे ३,६७,००० राहिलेले असतात. त्यातून तिचा खर्च जातो हे खरं, पण स्टुडिओचा खर्च, व्हिडिओचा काही भाग हेही सहसा गायकाच्याच खाती मांडलेलं असतं, त्यामुळे शून्य आणखी लांब जातं. आणि सगळं फिटल्यावर मास्टर कोणाचे? कंपनीचेच. घराचं कर्ज फेडून घर बँकेच्याच नावावर राहावं, असा हा व्यवहार. ब्रॅगची आठ ते पंधरा टक्क्यांची तक्रार ऐकायला किरकोळ वाटते, पण ती या गणिताबद्दल आहे.

तरी इथे माझा त्याच्याशी थोडा मतभेद आहे. स्ट्रीमिंग कंपन्यांना त्याने जरा स्वस्तात सोडलं. सगळा पैसा एका हौदात टाकून एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटायचा, ही पद्धत त्यांचीच. त्यात दिवसाला दोनच गाणी मन लावून ऐकणाऱ्या श्रोत्याची वर्गणीही दिवसभर मागे वाजत राहणाऱ्या संगीताकडे जाते. २०२४ पासून तर स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच नाही. हा नियम कोणत्या जुनाट करारातून आलेला नाही. ब्रिटनच्या संसदीय समितीने २०२१ मध्ये या सगळ्याची चौकशी करून जी शिफारस केली ती मला जास्त पटते: रेडिओवर गाणं वाजलं की जसा कलाकाराला कराराबाहेरचा, थेट हिस्सा मिळतो, तसा स्ट्रीमिंगवरही मिळावा. ती अजून कायद्यात उतरलेली नाही.

आणखी एक. ब्रॅगचा मार्ग तसाच्या तसा उचलता येत नाही. त्याने हक्क परत घेतले तेव्हा त्याच्यामागे जवळपास दहा वर्षांची गाणी आणि तिकीट काढून येणारे श्रोते होते. पील होता, संगीताची साप्ताहिकं होती, संपाच्या काळातल्या कामगार-सभागृहांचं जाळं होतं. आज सुरुवात करणाऱ्याकडे परत घेण्याजोगं काही नसतं. पण त्याच कारणाने उचलीच्या बदल्यात त्याच्या हातून अजून काही गेलेलंही नसतं.

ऐकायचं कसं, तर पहिल्या रेकॉर्डपासून, एका बैठकीत. सोळाच मिनिटं आहेत. मग १९८४ च्या ‘ब्रुइंग अप’मधलं ‘द सॅटर्डे बॉय’, शाळकरी प्रेमाचं, ट्रम्पेट घेऊन येणारं. त्यानंतर १९८६ चा ‘टॉकिंग विथ द टॅक्समन अबाउट पोएट्री’ पूर्ण. हा त्याचा उत्तम अल्बम, नाव रशियन कवी मायाकोव्स्कीच्या कवितेवरून. मग ‘मरमेड ॲव्हेन्यू’. नंतरच्यांपैकी २०१३ चा ‘टूथ अँड नेल’ शांत आणि पिकलेला आहे. बाकी सवडीने.

आणि सही करणार असाल तर तीन जागा आधी पाहा. हक्क ‘हस्तांतरित’ होताहेत की ठरावीक वर्षांसाठी वापरायला दिले जाताहेत, ते पाहा. दुसरं असेल तर पुढे वाचा. उचल कोणत्या रकमेतून फेडायची आणि तिच्यात कोणकोणते खर्च धरले आहेत, त्याची यादी मागा. मास्टर परत कधी मिळणार हे कलम असेल तर त्यात साल लिहिलेलं आहे का बघा. ‘परस्पर संमतीने ठरवण्यात येईल’ असं लिहिलं असेल तर ते खोडून साल घालायला सांगा, आणि घालत नसतील तर कागद घरी घेऊन या.